आधी वाचायचं की आधी काढायचं?

दृक्‌संवाद आणि उपयोजित कला शिकणाऱ्यांची या वेळी बरीच पत्रं आली. वर्षाअखेरच्या प्रकल्पांचे दिवस आहेत, त्यामुळे ते साहजिकच आहे. बहुतेकांची अडचण एकाच जागी आहे. संशोधन एकीकडे राहतं, चित्रांचं-अक्षरांचं काम दुसरीकडे, आणि दोन्ही एकाच प्रकल्पात बांधायचं असतं. म्हणून या अंकातलं हे सदर पूर्णपणे त्याच विषयाला दिलं आहे. पत्रं थोडक्यात घेतली आहेत. नावं आणि संस्था वगळल्या आहेत.

प्रश्न : मी उपयोजित कलेच्या शेवटच्या वर्षाला आहे. बाळाला जुलाब झाल्यावर ओआरएस कसं द्यायचं, हे सांगणारा फलक मी आमच्या गावच्या आरोग्य उपकेंद्रासाठी करते आहे. ‘आधी संशोधन संपवा, मग डिझाइनला हात लावा’ असं आम्हाला सांगितलं आहे. माझी साठ पानं लिहून झाली. त्यात ओआरएसचा इतिहास आहे, रंगांचं मानसशास्त्र आहे, प्रश्नावलीचे आलेख आहेत. आता फलक काढायला बसले तर त्यातलं काहीच हाताशी येत नाही. माझं कुठे चुकलं? – विद्यार्थिनी, कोल्हापूर

तुझं काही चुकलं नाही. तुला क्रम चुकीचा दिला गेला. ‘आधी संशोधन संपवा’ हा सल्ला मला अजिबात मान्य नाही, कारण आपल्या कामात खरा प्रश्न बहुतेक वेळा काढायला बसल्यावरच सापडतो.

ओआरएसची एक पुडी समोर ठेव आणि आज संध्याकाळीच काढायला घे. पहिली चौकट हात धुण्याची. ती निघेल. दुसरी चौकट एक लिटर पाण्याची, आणि तिथे पेन्सिल थांबेल. एक लिटर काढायचं कसं? ‘1 लिटर’ असं लिहिलंस तर ते वाचता येणाऱ्यालाच कळेल, आणि वाचता आलं तरी घरात मोजायचं कशानं हा प्रश्न राहतोच. तांब्या काढलास, तर कोणाच्या घरचा तांब्या? प्रत्येक घरात तो वेगळ्या मापाचा असतो. प्लास्टिकची बाटली काढलीस, तर ती एक लिटरची आहे की अर्ध्या लिटरची, हे चित्रात कशावरून ओळखायचं? शेजारी हात काढून अंदाज देता येईल का? आणि पुडी तरी कोणती? जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी 2002 पासून पुरस्कारलेल्या सूत्राची पुडी 20.5 ग्रॅमची असते आणि ती एक लिटर पाण्यासाठी असते. पण दुकानात 200 मिलीलिटर पाण्यासाठीच्या छोट्या पुड्याही मिळतात. फलकावर नुसती ‘एक पुडी’ काढलीस, तर छोटी पुडी लिटरभर पाण्यात किंवा मोठी पुडी पेलाभर पाण्यात पडू शकते. पाणी जास्त झालं तर औषध फिकं पडतं. कमी झालं तर बाळाच्या पोटात मिठाचं प्रमाण वाढतं, आणि ते धोक्याचं आहे.

तुझ्या साठ पानांत या प्रश्नांपैकी एकही नसेल, अशी मला जवळजवळ खात्री आहे. ‘तुम्हाला ओआरएस माहीत आहे का? होय/नाही’ अशा प्रश्नावलीतून ते निघूच शकत नाहीत. दुसरी चौकट अडली म्हणून ते निघाले. आता तो अडलेला कागद आणि एक मोजपात्र घेऊन काही घरांत जा. ‘एक लिटर पाणी कशात घ्याल?’ असं विचार. घरातल्या बायका जे भांडं आणतील, त्यात मोजून पाणी ओत. त्यांना बघू दे, तूही बघ. भांड्याचं रेखाटन कर, त्यावर माप लिही. गावातल्या आशाताईंना सोबत घे. बाळंतिणीच्या घरात तुला एकटीला जे सांगितलं जाणार नाही, ते त्यांच्यासमोर सहज बोललं जातं. परत येऊन दुसरी चौकट पुन्हा काढ. संशोधन ते हेच, आणि ते तुझ्या पेन्सिलीनं सुरू केलं.

पुढचा टप्पा चाचणीचा. इथे एक गोष्ट कधीही करायची नाही. चित्र दाखवून ‘समजलं का?’ असं विचारायचं नाही. समोरची बाई मान हलवणारच. तुझा मान राखायचा म्हणून हलवेल, किंवा आपण अडाणी ठरू नये म्हणून. त्याऐवजी ‘या चित्रात काय करायला सांगितलंय ते मला सांगा’ असं म्हण. त्याहून चांगलं म्हणजे रिकामी पुडी, साखर आणि पाणी समोर ठेव आणि ‘करून दाखवा’ म्हण. त्या जे बोलतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घे. शब्द सुधारू नकोस.

मी खानदेशात आरोग्यशिक्षणाची साधनं करत होते, तेव्हा एका अंगणवाडी सेविकेनं आजारी बाळाच्या चित्राकडे बघून विचारलं होतं, ‘ताई, या नर्सनं पांढरे कपडे का घातले नाहीत?’ चित्रात नर्स नव्हतीच, बाळाची आई होती. पण चित्रकारानं सवयीनं तिच्या ओठांवर हसू काढलं होतं. जुलाबानं मलूल झालेलं बाळ मांडीवर असताना आई हसेल कशी? म्हणजे ती कोणीतरी बाहेरची असणार. सेविकेचं वाचन अगदी बरोबर होतं. रंगांच्या मानसशास्त्राची कितीही पानं चाळली, तरी हे कळलं नसतं.

चित्रांची ओळ लावतानाही काही गृहीत धरू नकोस. लोक चित्रं कशी वाचतात, याचा 1976 मध्ये नेपाळच्या खेड्यांत युनिसेफच्या पुढाकारानं अभ्यास झाला होता. पार्श्वभूमी काढून टाकलेली छायाचित्रं लोकांना चांगली ओळखता आली, काड्यांची माणसं मात्र पुष्कळ कमी. ओळीनं लावलेल्या चित्रांतून एकच गोष्ट पुढे सरकते आहे, हेही अनेकांना जाणवलं नाही, आणि सगळ्यांनी ती डावीकडून उजवीकडे पाहिलीही नाहीत. आज गावागावांत मोबाइल आहे, व्हिडिओ आहेत. त्यामुळे तेच निष्कर्ष तुझ्या गावाला जसेच्या तसे लागू होतील असं नाही. पण विचारायचे प्रश्न तेच आहेत, आणि तुझ्या वाचनाचा उपयोग इथे होतो. कुठे बघायचं हे वाचनातून कळतं, काय दिसलं हे गावात कळतं.

आणखी एक मोजमाप सांगते. अमेरिकेतल्या सुरक्षाचिन्हांच्या मानकात चिन्ह पसंत ठरायला किमान 85 टक्के लोकांना अर्थ बरोबर सांगता यावा लागतो. त्याचबरोबर अगदी उलटा अर्थ लावणारे 5 टक्क्यांपेक्षा जास्त असून चालत नाहीत. मला ही दुसरी अट फार मोलाची वाटते. चित्र कळलं नाही तर बाई आशाताईंना विचारेल. उलटं कळलं तर विचारणारच नाही. तुझ्या नोंदीत ‘कळलं नाही’ आणि ‘उलटं कळलं’ असे दोन वेगळे रकाने ठेव.

साठ पानांचं काय करायचं? मात्रा, पाण्याचं माप, तयार द्रावण 24 तासांत संपवायचं, अशी आधाराची पानं ठेव. रंगांच्या मानसशास्त्राचं प्रकरण काढून टाक आणि त्याऐवजी उपकेंद्रात जा. भिंतीचा रंग कोणता, उजेड कुठून येतो, बाळाला घेऊन बसलेली आई भिंतीपासून किती लांब असते, हे मोजून आण. अक्षराचा आकार त्यावरून ठरेल. अहवाल बांधताना डाव्या पानावर रेखाटन ठेव. उजव्या पानावर ते कोणाला दाखवलं, काय ऐकलं आणि त्यावरून पुढच्या रेखाटनात काय बदललं, हे लिही. मार्गदर्शकांसमोर अशी जोडीची पानं ठेव. त्यांना ‘आधी’ आणि ‘मग’ वेगळे काढायला जागाच उरणार नाही.

प्रश्न : प्रश्नावली किती जणांकडून भरून घ्यावी? आम्हाला शंभरचा आकडा दिला आहे. – विद्यार्थी, नाशिक

तुला काय शोधायचं आहे, त्यावर ते ठरतं. जिल्ह्यातल्या किती टक्के लोकांना एखादी गोष्ट माहीत आहे हे सांगायचं असेल, तर मोठा नमुना हवा आणि तो नीट निवडलेला हवा. वर्गमित्रांच्या व्हॉट्सॲप गटावर फॉर्म पाठवून आलेली शंभर उत्तरं हा नमुना होत नाही. पण रेखाटनात काय अडतं हे शोधायचं असेल, तर चार-पाच माणसांसमोर बसून ऐक, चित्र बदल, मग वेगळ्या चार-पाच जणांकडे जा. मोठे दोष पहिल्याच फेरीत दिसायला लागतात. एकदाच शंभर जणांकडे जाण्यापेक्षा थोड्या जणांकडे पुन्हापुन्हा जाणं आपल्या कामाला जास्त उपयोगी पडतं. अहवालात मात्र टक्केवारी लिहू नकोस. पाचातल्या चौघांना ‘80 टक्के’ म्हणणं ही वाचणाऱ्याची दिशाभूल आहे.

प्रश्न : मी बरीच वर्षं शेतीच्या औषधांची लेबलं, पत्रकं, डब्यांची वेष्टनं करतो. आता पीएच.डी. करावी असं वाटतं. माझं आजवरचं काम हेच माझं संशोधन मानता येईल का? – डिझायनर, पुणे

आपोआप नाही मानता येणार. पण तुमच्या हातात जे आहे, ते ग्रंथालयात बसून पीएच.डी. करणाऱ्या कोणाकडेही नाही. ते कसं वापरायचं, याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

ब्रिटिश अभ्यासक क्रिस्टोफर फ्रेलिंग यांनी 1993 मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टसाठी लिहिलेल्या निबंधात तीन वाटा वेगळ्या केल्या. एक, कलेविषयीचं संशोधन. त्यात इतिहास आणि समीक्षा येते. दोन, काम करत करत केलेलं संशोधन, ज्यात घडवणं हीच शोधाची रीत असते. तीन, कामासाठीचं संशोधन, ज्यात सगळा विचार अखेरीस त्या वस्तूतच मुरलेला असतो. तिसरी वाट काटेरी आहे, असं त्यांना स्वतःलाही वाटत होतं, कारण वस्तू स्वतःहून बोलत नाही. तुमचं आजवरचं काम बरंचसं या तिसऱ्या वाटेवरचं आहे. पीएच.डी.साठी तुम्हाला दुसऱ्या वाटेवर यावं लागेल.

आपल्याकडच्या अक्षरकलेत या वाटेची चांगली उदाहरणं आहेत. सुलेखनकार अच्युत पालव यांनी शिक्षण संपताना उल्का जाहिरातसंस्थेच्या शिष्यवृत्तीवर महाराष्ट्रातल्या जुन्या हस्ताक्षरांचा, विशेषतः मोडीचा अभ्यास केला. त्यातून देवनागरी आणि मोडी यांचा मेळ घालणारी ‘मुक्तलिपी’ आली. मोडी फक्त वाचून हे झालं नसतं. मोडीत शिरोरेषा आधी ओढून घेतात आणि अक्षरं तिला टांगत, हात शक्यतो न उचलता पुढे जातात. अक्षरांची वळणं त्या वेगातून येतात. बोरू हातात घेऊन लिहिल्याशिवाय ती वळणं तशी का आहेत, हे उमगत नाही. अलीकडचं उदाहरण गिरीश दळवी यांचं. त्यांनी आयआयटी मुंबईत देवनागरी मुद्राक्षरांवर पीएच.डी. केली आणि फॉन्ट घडवणाऱ्या ‘एक टाइप’ या संस्थेच्या मंडळींसोबत प्रत्यक्ष फॉन्टही घडवले. अक्षराच्या अवयवांचा विचार आणि अक्षर काढणारा हात एकाच माणसापाशी आहे.

आता तुमचं काम. कीटकनाशकाच्या लेबलावरचा तो चौकोन तुम्ही असंख्य वेळा बसवला असेल. एका कोपऱ्यावर उभा केलेला, आत दोन त्रिकोण असलेला. 1971 च्या कीटकनाशक नियमांनी तो ठरवून दिला आहे. खालच्या त्रिकोणाचा रंग विषारीपणा सांगतो. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत कमी. यातला हिरवा मला फार अस्वस्थ करतो. हिरवा त्रिकोण असलेलं औषधही विषच आहे, फक्त तुलनेनं कमी. पण शेतकऱ्यासाठी हिरवा म्हणजे पीक. शाकाहारी पदार्थाच्या पाकिटावरचा ठिपका हिरवा, सिग्नलवर ‘जा’ म्हणणारा दिवाही हिरवाच. मग फवारणी करणारा मजूर त्या त्रिकोणाचा अर्थ काय लावतो? निळा आणि पिवळा यांत जास्त जहाल कोणता, हे रंगावरून कळायची काही सोय आहे का? आणि फवारणी करणाऱ्याच्या हाती मूळ डबा तरी येतो का, की मालकानं पंपात आधीच कालवून दिलेलं पाणी येतं?

2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यामागे अनेक कारणं होती आणि सगळा दोष लेबलावर टाकता येणार नाही. पण सूचना पोहोचवणं हे ज्यांचं काम, त्या आपल्यासारख्यांनी तरी हा प्रश्न दुसऱ्या कोणावर ढकलू नये, असं मला मनापासून वाटतं. तुमची पीएच.डी. इथे आहे.

ती अशी उभी राहील. त्रिकोणाचा आकार कायद्यानं बांधलेला आहे. त्याला हात लावता येत नाही. पण त्याच्या शेजारी काय असावं, पत्रकाची घडी कशी असावी, पंपावर लावायचा वेगळा पट्टा असावा का, झाकण उघडतानाच दिसेल अशी सूचना कुठे बसेल, या सगळ्यात मोकळीक आहे. तीन-चार वेगळे पर्याय बनवा, प्रत्येकात एकच गोष्ट बदला आणि ते शेताच्या बांधावर न्या. तुमची वर्षानुवर्षांची जाणकारी ‘कोणते पर्याय करून पाहण्यासारखे आहेत’ हे ठरवायला वापरा. कोणता पर्याय चांगला, हे मात्र मजुराला ठरवू द्या.

आणि नोंद ठेवा. ऑस्ट्रियन समाजशास्त्रज्ञ ऑटो नॉयराट यांनी 1925 मध्ये व्हिएन्नात समाज आणि अर्थव्यवहाराचं संग्रहालय सुरू केलं आणि आकडेवारी चित्रांतून मांडायची पद्धत घडवली, जी पुढे आयसोटाइप नावानं ओळखली गेली. संख्या मोठी असेल तर चिन्ह मोठं करायचं नाही, त्याच मापाची चिन्हं जास्त मांडायची, हा त्यांचा नियम आज शाळेच्या पुस्तकांतही दिसतो. या कामात मारी राइडेमायस्टर, म्हणजे नंतरच्या मारी नॉयराट, यांची जागा मला सर्वांत मोलाची वाटते. तज्ज्ञाचे आकडे आणि चित्रकाराचा हात यांच्यामध्ये त्या बसत. कोणता आकडा दाखवायचा, कोणता सोडायचा, कशाशेजारी काय ठेवायचं, हे त्या कच्च्या रेखाटनांतून ठरवत. 1950 च्या दशकात पश्चिम नायजेरियाच्या सरकारसाठीही त्यांनी पुस्तिका केल्या. हे सगळं आज अभ्यासता येतं, कारण ती कच्ची रेखाटनं, पत्रव्यवहार आणि टाकून दिलेले पर्याय 1971 मध्ये इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठाकडे दिले गेले. नुसते छापलेले तक्ते उरले असते, तर त्यांच्याकडे बघून आपण वाहवा केली असती, पण शिकलो काहीच नसतो.

तुमच्याकडे जुन्या लेबलांचे डमी, ग्राहकानं लाल शाईनं खुणा केलेली प्रूफं, बदल सुचवणारे ईमेल असतील. ते आजच एका खोक्यात गोळा करा. मार्गदर्शकांना भेटायला जाताना फक्त छापील कामांचा पोर्टफोलिओ नेऊ नका. एकाच लेबलाचा पहिल्या मसुद्यापासून छपाईपर्यंतचा प्रवास घेऊन जा, आणि प्रत्येक बदल कोणाच्या सांगण्यावरून झाला ते सांगा. त्यात मजुराचं एकही म्हणणं नाही, असं आढळलं, तर प्रबंधाचं पहिलं प्रकरण तिथेच मिळालं.

प्रश्न : मी देवनागरी फॉन्ट करते आहे, मराठी मजकुरासाठी. ‘संशोधन’ या भागात जुन्या फॉन्टचे नमुने लावले आहेत. परीक्षक म्हणाले, हे संशोधन नव्हे. मग काय करू? – विद्यार्थिनी, मुंबई

परीक्षक बरोबर आहेत. ते नमुने म्हणजे सध्या तरी नुसता संग्रह आहे. त्यांना काहीतरी विचारायला हवं.

‘मराठी मजकुरासाठी’ हे तुझे शब्द फार चांगले आहेत. ते धरून ठेव. तू चाचणीसाठी कोणता मजकूर लावतेस? नेटवरून उचललेला नमुना-परिच्छेद बहुधा हिंदी असतो. त्यात ‘ळ’ जवळजवळ नसतोच. आपल्याकडे शाळा, काळा, वेळ, फळ, डोळे असं एकही पान ‘ळ’शिवाय जात नाही. त्यामुळे हिंदी मजकुरावर घासूनपुसून केलेल्या फॉन्टमध्ये ‘ळ’ पोरका दिसतो, कधी फार रुंद, कधी शिरोरेषेपाशी आखडलेला. आपल्या वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ वेगळे आहेत. 2009 च्या शासन निर्णयातही त्यांचा मराठी आकार ठरवून दिला आहे. पण युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, दोन्ही वळणांना संकेतांक एकच, म्हणून फॉन्टच्या आतच भाषेप्रमाणे आकार बदलायची सोय करावी लागते. ‘ॲ’ हे अक्षर तर युनिकोडमध्ये 2008 मध्ये आलं. आणि अर्धा ‘र’ बघ. ‘आचार्यांना बोलावलं’ आणि ‘आचाऱ्यांना बोलावलं’ यांत विद्वान येणार की स्वयंपाकी, हे एका छोट्याशा आडव्या खुणेवर अवलंबून आहे. नऊ पॉइंटला, वर्तमानपत्राच्या कागदावर ती खूण उरते का? हा झाला संशोधनाचा प्रश्न. याचं उत्तर फक्त काढून, छापून आणि वाचून घेऊनच मिळेल.

मग जुन्या नमुन्यांकडे परत जा. 1869 मध्ये सुरू झालेल्या निर्णयसागर छापखान्याची पुस्तकं जुन्या वाचनालयांत अजून सापडतात. तिथे जाऊन ‘ऱ्य’ शोध. एकच ठसा बघून थांबू नकोस. खिळ्याच्या छपाईत शाई पसरते, आणि कागदावर दिसणारा आकार मूळ खिळ्यापेक्षा जाड होतो. त्याच पुस्तकातून तेच अक्षर अनेक ठिकाणी शोध, माप ठेवून स्कॅन कर, ट्रेसिंग पेपरवर एकावर एक काढ. शाईनं काय भरलं आणि खिळ्याचा मूळ ठसा (पंच) कोरणाऱ्याच्या मनात काय होतं, हे वेगळं करायला हात लागतो. बापूराव नाईक यांचा देवनागरी मुद्राक्षरांवरचा मोठा ग्रंथ भाषा संचालनालयानं 1971 मध्ये काढला. तो बघितल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. र. कृ. जोशींचं कामही बघ. ते मराठीतले कवी, अक्षरकार आणि आयआयटीतले शिक्षक. विंडोज 2000 सोबत घरोघरी पोचलेला ‘मंगल’ हा फॉन्ट त्यांचाच. पडद्यावरच्या मोजक्या ठिपक्यांत देवनागरी बसवताना काय सोडावं लागलं आणि काय सोडलं नाही, हे ‘मंगल’च्या लहान आकारांत शोधत बस. त्यात पुष्कळ शिकायला मिळेल.

प्रश्न : मी शिकवतो. काही मुलांचं काम देखणं असतं पण शोध कच्चा. काहींचा अहवाल उत्तम पण पोस्टर निर्जीव. गुण कसे द्यावेत? – शिक्षक, पणजी

अहवालाला इतके आणि कामाला इतके, अशी गुणांची वाटणी करणं सोडून द्या. त्या वाटणीमुळेच मुलं दोन वेगळे प्रकल्प करतात. मी तोंडी परीक्षेत तीनच गोष्टी विचारते. तुझं कोणतं रेखाटन तू टाकून दिलंस? कशामुळे? आणि ते टाकलं नसतं तर शेवटचं काम कसं वेगळं झालं असतं? ज्याच्या शोधाचा कामाशी संबंध आहे, तो मुलगा लगेच कागद काढून दाखवतो. ज्यानं इंटरनेटवरच्या चित्रांचं कोलाज करून त्याला संशोधन म्हटलं आहे, त्याच्याकडे टाकून दिलेलं काही नसतं. वर्षाच्या सुरुवातीलाच प्रत्येकाला एक वही द्या, पानांवर क्रमांक घाला आणि पान फाडायला मनाई करा. दर आठवड्याला ती वही फक्त बघा, गुण देऊ नका. देखण्या कामाचे गुण मात्र मोकळ्या मनानं द्या. देखणेपण म्हणजे वरवरचं, असं मानायची एक सवय आपल्या संस्थांत वाढते आहे. मला ती पटत नाही. वाचणाऱ्याला थांबवून ठेवणारं अक्षर कमावायला आयुष्य लागतं.

प्रश्न : चाचणीच्या वेळी लोकांचे फोटो आणि व्हिडिओ घ्यावेत का? अहवालात पुरावा म्हणून लागतात. – विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर

घेण्याआधी विचार, आणि सगळ्यांसमोर न विचारता एकट्याला विचार. चारचौघांत ‘नाही’ म्हणणं कठीण जातं. फोटो कुठे छापला जाणार, कोण बघणार, हे त्यांच्या भाषेत सांग. सही घेताना कागद वाचून दाखव. लहान मुलाचा असेल तर आईवडिलांना विचार, आणि मूल नको म्हणालं तर आईवडिलांच्या होकारानंतरही काढू नकोस. बऱ्याचदा चेहऱ्याची गरजच नसते. चित्रावर ठेवलेलं बोट, पाणी ओतणारा हात, चुकीच्या बाजूनं उघडलेली पत्रकाची घडी, एवढा फोटो पुराव्याला पुरतो आणि परीक्षकाला जास्त सांगतो. काम छापून झालं की एक प्रत त्या घरी नेऊन दे. तेव्हाही वही सोबत असू दे, कारण छापलेल्या प्रतीवर लोक जे बोलतात, ते कच्च्या चित्रावर बोलत नाहीत.